वाळूचं विरजण

"एक कण जरी हलला ना डॉक्टर, तर माझं नाव बदला," असं म्हणून सदानंद हुपरीकर काचेच्या बोगद्यापुढे हाताची घडी घालून उभे राहिले.

हुपरीकर म्हणजे 'निवांत'चे नवे वस्तीप्रमुख, मागच्याच यानाने आलेले. निवांत म्हणजे मंगळावरची अडतीस माणसांची वस्ती. आणि ज्यांना ते आव्हान देत होते त्या डॉ. वत्सला ढमढेरे वस्तीच्या वाळूतज्ज्ञ होत्या. वाळूतज्ज्ञ! पृथ्वीवर कुणी असा हुद्दा सांगितला असता तर लोक खो खो हसले असते. इथे कुणी हसत नसे. निवांतच्या पश्चिमेला, म्हणजे वारा जिथून येतो त्या अंगाला, क्षितिजापर्यंत नुसती काळसर वाळू पसरली होती. ती वाळू आणि वस्ती यांच्या मधोमध सूर्यपत्र्यांचं शेत होतं. त्या पत्र्यांवर वीज होती, विजेवर हवा होती आणि हवेवर अडतीस माणसं होती. वस्तीच्या पश्चिमेच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती, आणि वस्तीत एकच कायदा होता: वाऱ्याच्या काळात वाळूवर पाऊल नाही.

हुपरीकरांना तो कायदा नको होता. त्यांना वाळूवर आणखी सूर्यपत्रे उभारायचे होते, आणि तेही लगेच.

"अकरा वर्षं झाली वस्तीला," ते म्हणाले. "रोज दुपारी वारा सुटतो. अकरा वर्षांत तुमच्या कणमापकानं किती कण मोजले?"

"शून्य."

"मग? जी वाळू अकरा वर्षांत हलली नाही, ती माझ्या चार खांबांनी हलणार होय?"

"केतकी," वत्सला म्हणाल्या, "सोड वारा."

केतकी त्यांची मुलगी. वय सोळा, उंची बेताची, वजन त्याहून बेताचं आणि तोंड मात्र भरपूर. उंच स्टुलावर बसून ती शेंगदाण्याचा लाडू खात होती. तो तिने दातांत धरला आणि वाऱ्याची कळ फिरवली.

बोगद्यात मंगळावरच्याइतकी विरळ हवा भरली होती. तळाशी बाहेरचीच वाळू सपाट पसरली होती. एका टोकाला पंखा, दुसऱ्या टोकाला धातूची पातळ पट्टी. पट्टीवर कण आपटला की 'टक्' असा आवाज यायचा. हाच तो कणमापक. याचाच मोठा भाऊ बाहेर, वाळूच्या मधोमध एका कातळावर, उंच खांबावर बसवलेला होता.

आकडा एकवर गेला. मग दोन, चार, सहा. वाळू ढिम्म. आठ. नऊ.

"बघा, बघा!" हुपरीकर खूश झाले.

दहा. आणि वाळूला जणू कुणी चिमटा काढला. एक कण उडाला, पडला, त्याने पाच उडवले, त्या पाचांनी किती ते मोजायच्या आत आख्खा बोगदा गुडघाभर धुरळ्याने भरला. पट्टी तडतडायला लागली.

"ठीक आहे, मान्य," हुपरीकर म्हणाले. "पण दहाचा वारा इथे येतच नाही. मी पाहिलंय. बाहेर तीन-चार, फार तर पाच."

"खरंय. केतकी, आता कमी कर."

नऊ, सहा, चार. तडतड चालूच. तीन. दोन. हुपरीकरांच्या हाताची घडी हळूहळू सुटली. आकडा एकच्या खाली गेला तेव्हा कुठे कण एकेक करून पडले, आणि वाळू पुन्हा अशी झोपली की जणू काही घडलंच नाही.

"दोन वेग असतात," वत्सला म्हणाल्या. "झोपलेला कण उचलायला लागतो तो उठाववेग. जागा झालेला कण जागा ठेवायला लागतो तो टिकाववेग. पृथ्वीवर दोघांत फारसा फरक नाही. इथे टिकाववेग हा उठाववेगाचा दहावा हिस्सा आहे."

"असं का?"

"इथली हवा विरळ. पडलेल्या कणाला उचलण्याची ताकद तिच्यात नाही. कण शेजाऱ्यांना चिकटलेला असतो, त्यांच्या आडोशाला असतो. पण एकदा का तो वर उडाला, की गुरुत्व कमी असल्यामुळे लवकर खाली येत नाही. तेवढ्या वेळात तोच अशक्त वारा त्याला ढकलत ढकलत नेतो, आणि तो खाली आपटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा आपटतो. शेजारचे उडतात. मग कण उचलायचं काम वाऱ्याकडे राहतच नाही. कणच कणांना उचलतात."

 केतकीने लाडू तोंडातून काढला. "काका, दूध नुसतं ठेवलं तर त्याचं दही होतं का?"

"नासतं."

"आणि चमचाभर विरजण घातलं तर?"

"होतं की."

"झालं तर! अकरा वर्षं वाळू हलली नाही, कारण तिला विरजणच मिळालं नाही. वारा आहे, वाळू आहे, सगळं तयार आहे. फक्त एक चिमूट कुणी टाकलेली नाही." तिने आकडा तीनवर आणला, वाळू शांत होती. बोगद्याच्या झाकणातल्या दुहेरी झडपेतून तिने खरंच चिमूटभर वाळू टाकली.

टक्. टक् टक्. आणि मग तडतड, तडतड, तडतड.

"कुंपण घालू," हुपरीकर जरा वेळाने म्हणाले. आवाज आता लहान झाला होता. "खंदक खणू."

"इथे कणाची एक उडी या खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, माझ्या डोक्यावरून. कुंपण किती उंच घालणार?"

"मग एकदा सुरू झाली की थांबवायची कशी?"

"वारा टिकाववेगाच्या खाली गेला की आपोआप थांबते. पडत्या काळात, म्हणजे वर्षात वारा पडलेला असतो तेव्हा, तो जातो, म्हणून तेव्हा आपण बाहेर फिरतो. पाऊल पडलं, कण उडाले, पण पुन्हा पडून झोपले. वाऱ्याच्या काळात मात्र तो चार महिने खाली जातच नाही."

हुपरीकरांनी खांबांचा नकाशा मुकाट्याने गुंडाळला.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी त्यांनी वस्तीची रीत पहिल्यांदा मनापासून पाळली. रोज पहिला घास घेण्याआधी सगळे मिळून ओरडत, "कण किती?" वत्सला उत्तर देत, "शून्य!" मगच भाकरी मोडायची. आतापर्यंत हुपरीकरांना हा पोरखेळ वाटायचा. आज त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्यानंतर काही महिन्यांनी केतकीचे बाबा कातळावर अडकले.

मुकुंद ढमढेरे वस्तीची यंत्रं दुरुस्त करत. काडीसारखे बारीक, आणि स्वतःच्या बारीकपणावर स्वतःच विनोद करणारे. पडता काळ संपायला तीन आठवडे बाकी होते, म्हणून ते कातळावरच्या खांबाला तेलपाणी करायला गेले. वस्तीपासून चालत जेमतेम किलोमीटरभर. वारा पडलेला होता. गेले, खांबावर चढले, आणि खांबावरच्याच वातमापकाचा काटा त्यांच्या डोळ्यांदेखत टिकाववेगाच्या वर सरकला. मग तो खाली आलाच नाही. वाऱ्याचा काळ त्या वर्षी तीन आठवडे लवकर आला.

"वत्सला," रेडिओवर ते म्हणाले, "मी आपला इथेच थांबतो. देवळातल्या नंदीसारखा."

कातळ घट्ट होता, त्यावर हलायला हरकत नव्हती. तिथे आणीबाणीसाठी ठेवलेला एक श्वासतंबू होता. त्यात नऊ दिवसांची हवा होती. आणि वाऱ्याचा काळ चार महिन्यांचा. हे गणित पहिलीतल्या पोरालाही आलं असतं, म्हणून ते कुणी मोठ्याने केलं नाही.

उडतं यंत्र पाठवावं तर त्याच्या पंख्याने वाळूवर झोत बसणार. गाडी पाठवावी तर चाकं. माणूस पाठवावा तर पावलं. वस्तीची सभा भरली. अडतीसपैकी सदतीस माणसं जेवणघरात बसली आणि सगळी जमिनीकडे बघत राहिली. शेवटी हुपरीकरच म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच सांगा."

हे सांगणं बरोबर होतं का? नवरा त्यांचा होता! पण विज्ञानही त्यांचंच होतं.

"कुणीही जायचं नाही," वत्सला म्हणाल्या, आणि उठून प्रयोगशाळेत निघून गेल्या.

केतकी तिथेच बसून राहिली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अनसूयामावशी शेजारी येऊन टेकल्या. त्यांनी तिच्या पुढ्यात ताट ठेवलं. तिने ते सरकवलं. त्यांनी पुन्हा ठेवलं.

"तुझी आई दगड न्हाई, पोरी," मावशी म्हणाल्या.

"मला माहितेय, मावशी. म्हणून तर जास्त राग येतोय. दगड असती तर भांडता तरी आलं असतं."

त्या रेडिओवरच्या गप्पा ऐकवत नसत. बाबा मुद्दाम गमती करत. कातळावरून सूर्य कसा दिसतो, तंबूत पाय लांब करता येत नाहीत म्हणून आता घरी गेल्यावर पायच दुमडून ठेवणार, वगैरे. पाचव्या दिवशी त्यांना गमती सुचेनाशा झाल्या.

"केतू," ते म्हणाले, "आपण 'डोंगर का पाणी' खेळायचो ते आठवतं?"

"हो ना. तुम्ही लबाडी करायचात."

"मी? तू! गोधडी म्हणजे डोंगर. तू एका गोधडीवर उभी राहायचीस, दुसरी पुढे अंथरायचीस, तिच्यावर जायचीस, मागची उचलून पुन्हा पुढे. असं करत करत आख्खं निवांत पालथं घालायचीस. पाण्यात पाय म्हणून नाहीच. खेळच संपायचा नाही."

 केतकीच्या हातातून रेडिओ पडला.

"केतू? ए केतू?"

ती केव्हाच धावत सुटली होती.

निवांतमध्ये दर यानाबरोबर उतरलेल्या हवाई छत्र्यांच्या कापडाच्या गोधड्या शिवत. मावशींच्या हातच्या गोधड्या जाड आणि जड असत. केतकीने दोन पळवल्या आणि आईपुढे टाकल्या. "वाळूवर पाऊल नाही ना? मग पाऊल गोधडीवर! आई, नाही म्हणायच्या आधी मोजून तरी बघ!"

वत्सलांनी मोजलं. खरं तर त्या चूक शोधायलाच बसल्या होत्या. चूक सापडावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, कारण आशा धरण्याची त्यांना भीती वाटत होती. बोगद्याचं झाकण काढून, वाळूवर गोधडी अंथरून, प्रयोगशाळेतलीच हवा बाहेरच्याइतकी विरळ करून, त्यांनी आधी पोशाख चढवलेल्या हुपरीकरांना तिच्यावर उभं केलं. त्यांच्या वजनाने कडेची वाळू फुगली आणि दोन-तीन कण उडाले. टक्.

"मी जेवण कमी करतो," हुपरीकर ओशाळून म्हणाले.

मग मावशींनी गोधडीच्या कडांमध्ये वाटाण्याएवढे खडे शिवले, म्हणजे कडा जमिनीला चिकटून बसतील. गोधडी उचलायची ती मागच्या कडेपासून, आतल्या बाजूला गुंडाळत, म्हणजे चिकटलेले कण आतच राहतील. ठेवायची ती झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं तशी. आणि वर उभी राहणारी व्यक्ती वस्तीतली सगळ्यांत हलकी हवी.

सगळ्यांत हलकी व्यक्ती हात वर करून उभीच होती.

शंभर वेळा केलं. आकडा तीनवर, चारवर, पाचवर. पट्टी एकदाही वाजली नाही. परतताना बाबांचंही वजन असणार म्हणून केतकीच्या पाठीवर पिठाची पोती बांधून पाहिलं. तरीही नाही.

"मला चूक सापडत नाही," वत्सला म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "सापडत नाही म्हणजे नाहीच आहे. जा."

ती पहाटे निघाली, वारा दिवसातला सगळ्यांत कमी असतो तेव्हा. कमी म्हणजे टिकाववेगाच्या जेमतेम वर. देवडीत, म्हणजे बाहेर पडायच्या दोन दारांमधल्या खोलीत, मावशींनी तिच्या पोशाखाच्या खिशात काहीतरी कोंबलं.

"काय गं मावशी?"

"भाकरीचा तुकडा. त्या कातळानं धरून ठेवलंय तुझ्या बापाला. पीडा घरात आणायची न्हाई. तितंच ओवाळ, तितंच टाक, आन् माघारी वळून बघायचं न्हाई. ध्यानात ठेव."

निवांतमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला मावशी ओवाळत. देवडीच्या आत, मऊ चटईवर तुकडा मागे टाकायचा आणि न बघता आत यायचं. केतकीने हे इतक्या वेळा केलं होतं की मान वळवायची नाही हे तिच्या मानेलाच पाठ होतं.

"वाळूवर नाही हं टाकायचा, मावशी!" ती हसली. "कातळावर टाकते. कातळाला काय होतंय!"

गोधडी, पाऊल. गोधडी, पाऊल. किलोमीटरभर. सूर्य वर आला तेव्हा तिच्या खांद्यांना कळा लागल्या होत्या, कंबर मोडली होती, आणि ती गाणी म्हणत होती. सूर वाईट होता, पण वस्तीतली सगळी माणसं रेडिओला कान लावून ऐकत होती. प्रयोगशाळेत वत्सला कणमापकाच्या आकड्यासमोर बसल्या होत्या. शून्य. शून्य. शून्य.

ती कातळावर चढली आणि बाबा तंबूतून बाहेर आले. दोन जाड पोशाखांतल्या माणसांना एकमेकांना मिठी मारता येत नाही. त्यांनी मारली. टोपांच्या काचा एकमेकांवर आपटल्या.

"वाळलात हो बाबा."

"अजून? जागा होती का?"

ती इतकी हसली की काचेवर वाफ धरली. मग तिने खिशातून भाकरीचा तुकडा काढला.

"हे काय आता? केतू, नको."

"कातळावरच टाकणार आहे, बाबा. मावशीला तोंड दाखवायचंय मला."  बाबांनाही मावशीला तोंड दाखवायचं होतं. शिवाय मुलीची बुद्धी नुकतीच त्यांच्या जिवावर उठलेल्या वाळूला पुरून उरली होती. तिला नाही कसं म्हणायचं?

तिने तुकडा बाबांवरून तीनदा ओवाळला. दोघं वस्तीकडे तोंड करून उभे राहिले. वारा पाठीमागून येत होता. तिने खांद्यावरून मागे, जपून, हलकेच, कातळाच्या बरोबर मध्यावर पडेल असा तुकडा टाकला. आणि तो बरोबर मध्यावरच पडला.

"चला," ती म्हणाली. "मागे बघायचं नाही."

ती पुढे, बाबा मागे. गोधडी, पाऊल. गोधडी, पाऊल.

भाकरी घरात मऊ असते. मावशींच्या चटईवर ती 'फत्' करून पडते आणि तिथेच राहते. पण विरळ हवेत तिच्यातलं पाणी सगळं उडून जातं. सकाळभर खिशात असलेला तो तुकडा खापरासारखा टणक झाला होता. खापर कातळावर पडलं की उसळतं. मंगळावर ते जास्तच उसळतं.

प्रयोगशाळेत 'टक्' असा आवाज झाला.

वत्सलांना वाटलं बोगद्यातला कणमापक चालू राहिला असेल. त्यांनी वळून पाहिलं. तो बंद होता. मग त्यांनी समोरचा आकडा पाहिला.

एक.

खांबावर एक डोळा होता, कॅमेरा. तो त्यांनी मागच्या बाजूला वळवला. कातळाच्या पलीकडे, वाऱ्याच्या अंगाला, वाळूत एक लहानसा खड्डा पडला होता आणि खड्ड्यात भाकरीचा तुकडा. खड्ड्यापासून पुढे, पंख्याच्या आकाराची, हाताएवढी एक जागा धूसर दिसत होती. वारा टिकाववेगाच्या जेमतेम वर होता, त्यामुळे कणांची वाढ सावकाश होती. दहा कण पडत होते आणि अकरा उठत होते. इतकंच.

अकरा. मग बारा.

"आई!" रेडिओवर केतकी. "कण किती?"

वत्सलांनी रेडिओ उचलला. सांगितलं तर काय होईल ते त्यांनी मोजलं. सांगितलं तर ती दोघं वळून बघतील. मग धावतील. धावली तर प्रत्येक पावलागणिक नवं विरजण, आणि तेही वस्तीच्या तोंडाशी. नाही सांगितलं तर ती दुपारच्या आत घरी पोचतील. मागची वाळू दुपारचा वारा सुटेपर्यंत फारशी पसरणार नाही. पुढे दोन्हीचं उत्तर एकच होतं.

"शून्य," त्या म्हणाल्या. "छान चाललंय, बाळा. मागे बघू नका. या."

मागून कुणीतरी खोलीत येऊन उभं राहिलं होतं. हुपरीकर. आकडा त्यांनी पाहिला होता. आता तो भराभर बदलत होता. ते खुर्चीत बसले. 

"चूक सापडली का?" त्यांनी विचारलं.

"गोधडीत चूक नव्हती. तिच्या पायाखालचा एकही कण उडाला नाही." वत्सलांनी कॅमेऱ्यातला तुकडा त्यांना दाखवला.

"थांबवता येईल?"

"वारा थांबवता आला तर."

"सूर्यपत्रे झाकून ठेवले तर?"

"झाकले तर वीज नाही. नाही झाकले तर कण काच खरवडून टाकतील, मग पुरून टाकतील. चार महिने."

"आणि साठवलेली वीज?"

"आठवडा. गारठून बसलो तर दहा दिवस." त्यांनी रेडिओवरचं केतकीचं गाणं थोडं मोठं केलं. "यान यायला सव्वा वर्ष आहे."

हुपरीकरांनी तोंडावरून हात फिरवला. "लोकांना कधी सांगायचं?"

"जेवू द्या त्यांना," वत्सला म्हणाल्या. "आज मावशीनं गोड केलंय. जेवू द्या."

दुपारच्या तोंडावर देवडीचं आतलं दार उघडलं आणि निवांतने असा गलका कधी ऐकला नव्हता. मुकुंदना लोकांनी खांद्यावर घेतलं. तेवढं हलकं माणूस दुसरं कोण मिळणार! केतकीला जो तो पाठीवर थापट्या मारत होता. कुणीतरी गोधड्या भिंतीवर टांगल्या, निशाणांसारख्या. शिऱ्याचा वास सुटला होता. सगळे दाटीवाटीने जेवायला बसले. आता बाहेर दुपारचा वारा सुटायची वेळ झाली होती, पण पश्चिमेला खिडकी नव्हती.

वत्सला सगळ्यांत शेवटी आल्या. मुकुंदनी त्यांच्याकडे पाहिलं. वीस वर्षांचा संसार होता; त्यांच्या हातातला घास ताटात परत गेला. त्यांनी फक्त भुवया उचलल्या. वत्सलांनी मान किंचित हलवली आणि त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसल्या.

"कण किती?" सगळे एकदम ओरडले. कधी नव्हे इतक्या मोठ्याने.

वत्सलांनी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"आई दमलीय! मी सांगते!" केतकी बाकावर उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले. "शून्य!"

हशा, टाळ्या. भाकऱ्या मोडल्या गेल्या. पण हुपरीकरांनी टाळी वाजवली नव्हती, आणि त्यांच्या शेजारचा माणूस त्यांच्याकडे बघत राहिला होता. त्याचं हसू थांबलं, मग त्याच्या शेजारच्याचं. शांतता अशी माणसामाणसांतून पसरत गेली, आणि ती पूर्ण पसरली तेव्हा पश्चिमेच्या भिंतीतून तो आवाज आला. तडतड. थांबून पुन्हा, तडतड तडतड.

अनसूयामावशींनी चमकून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "मोहरी कुणी टाकली गं तेलात?"

चुलीवर काहीच नव्हतं.  केतकी अजून बाकावरच उभी होती, हात अजून वर होते. तो आवाज तिने शंभर वेळा ऐकला होता, बोगद्यापाशी, लाडू खात. तिने आईकडे पाहिलं.

मावशी मात्र तिच्याकडे बघत होत्या. 

"पोरी," त्यांनी विचारलं, "माघारी वळून बघितलंस का गं तू?"

"नाही, मावशी," केतकी म्हणाली. "एकदासुद्धा नाही."